उसना ब्रेक

पिपाणीचे पणजोबा लगामशेठ, लगामशेठांचे चिरंजीव गिअरमास्तर आणि गिअरमास्तरांचे चिरंजीव हळूभाऊ. या तीन पिढ्यांनी आमच्या शहराला वाहन हाकायला शिकवले. लगामशेठ म्हणजे माझे सासरे. ते घोडागाडी चालवीत आणि दुसऱ्यांना चालवायला शिकवीत. घोडा विद्यार्थ्यांपेक्षा हुशार असल्यामुळे निकाल नेहमीच उत्तम लागे. गिअरमास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांनी घोडा विकून मोटार घेतली आणि दारावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी चढवली. ती पाटी उन्हापावसात कधी खाली आली नाही. हळूभाऊ हा माझा मुलगा. जन्मापासून तो कोणत्याच कामात दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलेला नाही. परंतु शिक्षक म्हणून त्याचा लौकिक मोठा आहे, कारण त्याच्यासोबत बसलेल्या माणसाला भीती वाटावी इतका वेग गाडीला कधी येतच नाही.

आणि चौथी पिढी म्हणजे माझी नात. जन्मताच तिने जो सूर लावला, तो ऐकून दवाखान्यातल्या परिचारिकेने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "मुलगी कसली, पिपाणी आहे ही!" तेच नाव पडले. पिपाणी दिसायला नीटस, बोलायला फटकळ, शिक्षणात पुढे, पोहण्यात पटाईत. गाडी चालवण्याच्या परीक्षेत मात्र दोन वेळा नापास. दिव्याखाली अंधार असतो असे म्हणतात. आमच्याकडे तो पाहुणा म्हणून आला नव्हता, बिऱ्हाड करूनच राहिला होता.

मी कोण, हे सांगण्याची वेळ माझ्यावर सहसा येत नाही. विद्यार्थी मला 'मोठ्या बाई' म्हणतात. शिकवण्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकवर माझा उजवा पाय इतकी वर्षे राहिला आहे, की तो आता माझे ऐकत नाही. जेवताना कोणी चौथ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे केला, की टेबलाखाली माझा पाय आपोआप दाबला जातो. यजमानांचे तर झोपेतही ब्रेक लागत आणि पांघरूण माझ्या अंगावरून निघून जाई. हा आमच्या धंद्याचा आजार आहे. त्यावर औषध नाही आणि मला ते नकोही आहे.

असो. एके दिवशी महामारी आली आणि सारे जग न्यूट्रलमध्ये उभे राहिले.

आमची गाडी अंगणात, विद्यार्थी आपापल्या घरात आणि मी वरच्या सज्जात. काही दिवस गेल्यावर हळूभाऊ म्हणाला, "आई, आता वर्ग मोबाइलवर घ्यायचे."

"मोबाइलवर गाडी कशी चालवणार?"

"सावकाश," तो म्हणाला.

मग वर्ग सुरू झाले. स्टिअरिंग म्हणून जेवणाचे ताट, गिअर म्हणून लाटणे आणि पेडल म्हणून जमिनीवर ओळीने मांडलेल्या तीन चपला, असे साहित्य मीच ठरवून दिले. त्यातली तिसरी चप्पल नेमकी घरात कोणाला तरी हवी असे आणि त्यावरून वर्गात भांडणे होत. एक दंतवैद्य होते. त्यांना मी सांगितले, "मागे बघा आणि रिव्हर्स घ्या." त्यांनी ताट हातात धरून मान वळवली आणि तसेच थांबले.

"काय झालं, डॉक्टर?"

"बाई, मागे बायको उभी आहे. हॉर्न वाजवू का?"

"वाजवून बघा," मी म्हणाले. त्यानंतर डॉक्टर पुन्हा वर्गाला आले नाहीत.

एक शिंपीणबाई होत्या. त्यांचे ताट अगदी स्थिर, नजर समोर, पाठ ताठ. परंतु त्यांचा पाय ॲक्सिलरेटरच्या चपलेवर अखंड वरखाली, वरखाली.

"अहो शिंपीणबाई, ॲक्सिलरेटर आहे तो, शिलाईचं मशीन नव्हे!"

"काय करू बाई, पायाला सवय आहे. थांबतच नाही मेला!"

पायाची सवय या विषयावर मी त्यांना त्या दिवशी पुष्कळ सुनावले. त्या गरीब बाईंची क्षमा मागण्याचा विचार पुढे माझ्या मनात येऊन गेला, परंतु तो आला तसा गेला.

अशी चपलांवर शाळा चालली असताना परवाना कार्यालयातून फोन आला. तिथला लिपिक आमचाच जुना विद्यार्थी.

"मोठ्या बाई, एक नियम आहे. वर्ष संपायच्या आत शाळेचा एक तरी विद्यार्थी परीक्षेत पास व्हावा लागतो. नाहीतर शाळेची मान्यता जाते. पाटी उतरवावी लागेल."

"महामारी आली आहे, हे तुमच्या नियमाला ठाऊक आहे का?"

"नियमाला अजून कुणी कळवलेलं नाही, बाई."

"मग विद्यार्थ्यांना गाडीत बसवून शिकवू द्या."

"त्याचाही नियम आहे. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच घरातले असतील तरच शिकवायचं. आणि साठी ओलांडलेल्यांनी घरातल्यांबरोबरसुद्धा बंद गाडीत बसायचं नाही. म्हणजे तुम्ही नाही, बाई."

मी फोन ठेवला आणि घरातल्या माणसांकडे एकेक करून पाहिले. हळूभाऊ, परवाना आहे. सूनबाई, परवाना आहे. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि रोज स्वतः गाडी घेऊन जाते. मी, परवाना आहे आणि तो फोटोसकट उत्तम आहे. उरली पिपाणी. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"माझ्याकडे अशा का बघताय सगळे?" ती म्हणाली.

लगामशेठांची परंपरा, गिअरमास्तरांची पाटी आणि माझी मान, या तिन्ही गोष्टी आता त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

या ठिकाणी परीक्षकाविषयी सांगणे भाग आहे. त्याला सारे शहर 'काटेकोर' म्हणते. परीक्षार्थीच्या शेजारी बसून, पायाशी दुसरा ब्रेक घेऊन, त्याने अर्धे आयुष्य काढले आहे. त्याला तो ब्रेक दाबावा लागला, की परीक्षार्थी नापास. पिपाणीला दोन्ही वेळा त्यानेच नापास केले. पहिल्या वेळी आम्ही कारण विचारले, तेव्हा तो एकच शब्द बोलला: "ब्रेक." आम्ही गाडीला नवे ब्रेक टाकून घेतले. दुसऱ्या वेळीही तो म्हणाला, "ब्रेक." आम्ही मेकॅनिक बदलला.

हा काटेकोर एके काळी माझा विद्यार्थी होता. त्या काळी परीक्षेच्या वेळी शिक्षक शेजारी बसे आणि परीक्षक मागच्या सीटवर. पोरगा गाडी बरी चालवत होता. तेवढ्यात एक मांजर आडवे आले. नुसते आले नाही. रस्त्याच्या मधोमध बसून अंग चाटू लागले. पोरगा थिजला. हात गोठले, पाय गोठले, डोळे बशीएवढे. माझा पाय गोठत नसतो. गाडी इतकी अलगद थांबली, की मागचे परीक्षक म्हणाले, "वा! छान थांबवलीत."

खाली उतरल्यावर पोरगा पांढराफटक पडला होता. "बाई, ब्रेक मी मारला नाही."

"मला ठाऊक आहे. मांजरालाही ठाऊक आहे. तिसऱ्याला कळायचं कारण नाही. एक ब्रेक उसना दिला असं समज. सवडीनं परत कर."

मांजराचा जीव वाचवण्यात काही गैर आहे असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. परंतु डोक्यावर उसने असले, की माणूस एक तर तोंड चुकवतो, नाहीतर गरजेपेक्षा जास्त सरळ होतो. हा सरळ झाला. इतका सरळ, की पुढे स्वतः परीक्षक होऊन त्याने माझ्याच नातीला दोनदा नापास केले. रस्त्यात भेटला, की मी विचारते, "काय रे, माझं उसनं?" आणि तो मान खाली घालून म्हणतो, "लक्षात आहे, बाई."

तर पिपाणीला शिकवायचे ठरले. शिकवणार हळूभाऊ. त्याच संध्याकाळी हळूभाऊला ताप भरला. तपासणीत तोच आजार निघाला. देवाच्या कृपेने अगदी सौम्य. आजारसुद्धा त्याच्यापर्यंत सावकाश आला आणि सावकाश राहिला. त्याला वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत कोंडले आणि जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवू लागलो.

मी सूनबाईला म्हणाले, "तू बस तिच्या शेजारी."

"मी? अजिबात नाही," सूनबाई म्हणाली. "घरात एक आजारी आहे तेवढा पुरे. दुसरी खाट घालायला जागा नाही."

तेव्हा निर्णय झाला. पिपाणी अंगणात एकटी गाडी चालवील आणि मी सज्जातून शिकवीन. आमचे अंगण शाळेसाठीच मोठे ठेवलेले आहे आणि सज्जाची जमीन लाकडी फळ्यांची आहे. हे मुद्दाम सांगते, पुढे त्याचे काम आहे. यजमानांचा पत्र्याचा भोंगा मी माळ्यावरून काढवला. अंगणात बादल्या, कुंड्या आणि केरसुण्या मांडून रस्ता तयार केला. पलीकडच्या भिंतीशी सूनबाईने घरातल्या सगळ्या गाद्या उन्हाला टाकल्या होत्या. आमच्या घरावर कुणाची तरी कृपादृष्टी आहे, असे मी म्हणते ते उगाच नाही.

पिपाणीने गाडी सुरू केली. सुरेख! क्लच सुरेख, गिअर सुरेख, वळणे तर अशी, की गिअरमास्तर असते तर मिशीला पीळ भरला असता. मी भोंग्यातून म्हणाले, "शाबास! आता पहिल्या बादलीशी थांब."

पहिली बादली उडाली.

"थांब म्हटलं!"

दुसरी बादली उडाली. एक केरसुणी बॉनेटवर चढली आणि झेंड्यासारखी उभी राहिली. पिपाणीचा चेहरा अगदी शांत होता. माझा उजवा पाय सज्जाच्या फळीत रुतायचा बाकी होता.

"ब्रेक मार, ब्रेक!"

गाडी गाद्यांच्या ढिगात शिरली, फुसफुसली आणि बंद पडली. वरच्या खोलीच्या खिडकीतून हळूभाऊचा आवाज आला, "सावकाश!"

पिपाणी खाली उतरली, कापूस झटकला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहू लागली.

"आजी, गाडी थांबलीच नाही!"

"थांबेल कशी? ब्रेक कुठे मारलास?"

"मी कशाला मारायचा? तो आपोआप लागतो ना?"

मी भोंगा खाली ठेवला. सज्जात माझ्या मागे उभी असलेली सूनबाई खोकली. तो खोकला आजाराचा नव्हता.

"काय म्हणालीस?"

"काही समोर आलं की गाडी आपोआप थांबते," पिपाणी म्हणाली. "तू शेजारी असायचीस तेव्हा नेहमी थांबायची. परीक्षेतसुद्धा दोन्ही वेळा बरोबर थांबली, तरी त्या खडूसानं नापास केलं!"

"आणि ते मधलं पेडल कशासाठी असतं, असं वाटलं तुला?"

पिपाणीने क्षणभर विचार केला. "पाय टेकवायला?"

वाचकहो, नातीला पहिल्यांदा गाडीत बसवले, तेव्हापासून मी तिच्या शेजारी बसत आले. ती बादलीपासून हातभर दूर असतानाच माझा पाय दाबला जाई. तिला धक्का बसू नये, ओरखडा उठू नये, डोळ्यांत पाणी येऊ नये. तिच्या आयुष्यातला प्रत्येक ब्रेक मी मारला होता. यात चूक कोणाची, यावर घरात चर्चा सुरू होण्याची चिन्हे दिसताच मी ती बंद केली. चूक त्या दुसऱ्या ब्रेकची होती. तो माझ्या पायाखाली होता, यात माझा काय दोष?

"मोठ्या बाई," सूनबाई गोड आवाजात म्हणाली. ती मला मोठ्या बाई म्हणते, तेव्हा समजावे की काहीतरी येत आहे. "आपण मेकॅनिकचे पैसे उगाच दिले म्हणायचे."

मी तिला गाद्या आत घ्यायला पाठवले.

दुसऱ्या दिवसापासून खरी शिकवणी सुरू झाली. पिपाणीचा पाय ब्रेकवर जाईच ना. सांगितले, की डोक्यात शिरे. पण डोक्यातून पायापर्यंतचा रस्ता बंद. बादली जवळ आली, की ती माझ्याकडे अशा विश्वासाने पाही, की माझ्या पायाला राहवत नसे आणि तो सज्जाच्या फळीवर धप्पकन आपटे. एकदा असाच आपटला आणि गाडी कचकन थांबली.

"हे कसं झालं?" मी विचारले.

"माहीत नाही. तू शेजारी असताना हाच आवाज यायचा. धप्प. तो ऐकला आणि माझा पाय गेला!"

मग काय विचारता! मी वरून धप्प, ती खाली कच्च. बादल्या शाबूत, कुंड्या शाबूत. आम्ही दोघी इतक्या तालात आलो, की समोरच्या घरातली माणसे खुर्च्या टाकून खिडकीत बसू लागली. एकच अडचण आली. तब्येत सुधारू लागल्यावर हळूभाऊने खोलीतल्या खोलीत दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. त्याची प्रत्येक उडी म्हणजे एक धप्प. अंगणभर पिपाणीची गाडी बेडकासारखी जाऊ लागली.

"अहो, उड्या थांबवा!" सूनबाई दाराबाहेरून ओरडली. "पोरीची मान मोडेल!"

"सावकाश मारू का?" आतून विचारणा झाली.

परीक्षेचा दिवस उजाडला. त्या काळात परीक्षेचेही रूप पालटले होते. परीक्षकाने गाडीत बसायचे नाही. परीक्षार्थी एकटा, खिडक्या उघड्या. तरणतलाव बंद असल्यामुळे तिथल्या जीवरक्षकाची उंच लाकडी खुर्ची मैदानाच्या टोकाला आणून ठेवली होती. तिच्यावर काटेकोर बसला होता. अंगात पांढरा झगा, तोंडावर मास्क, त्यावर पारदर्शक पडदा, एका हातात कर्णा आणि दुसऱ्या हातात लाल निशाण. बुडणाऱ्यांना वाचवायची खुर्ची आणि तिच्यावर बुडवणारा माणूस! मास्कमुळे सूचना नीट ऐकू जात नसल्याने एक सवलतही होती: कोणतीही एक गोष्ट चुकली, तर ती पुन्हा एकदा करून दाखवता येई. एकदाच.

फाटकावर रखवालदाराने मला अडवले. "आजी, साठीच्या पुढच्यांना आत सोडत नाहीत."

"मी साठीच्या पुढची आहे असं तुला कोणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे पाहिले, सूनबाईकडे पाहिले आणि शहाण्या माणसासारखे आकाशाकडे पाहिले. तरीही फाटक काही उघडले नाही. मी भिंतीला वळसा घातला. भिंतीबाहेर भाजीचे एक रिकामे लाकडी खोके पडले होते. मी ते भिंतीला लावायला सांगितले आणि सूनबाईच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढले. मैदान स्वच्छ दिसू लागले.

"खोकं चांगलं पोकळ आहे," सूनबाई म्हणाली. "आवाज लांबवर जाईल."

"मी फक्त बघायला उभी आहे."

"हो का? मग उजव्या पायातली चप्पल का काढलीत?"

काही प्रश्नांना उत्तर न देणे हाच मोठेपणा असतो.

पिपाणी सुरू झाली. आठाचा आकडा काढला, सुबक. अरुंद गल्लीतून मागे गेली; एकाही खांबाला धक्का नाही. मैदानाभोवतीची इतर मुले टाळ्या वाजवू लागली. आता शेवटची गोष्ट राहिली. सरळ रस्त्यावरून खुर्चीच्या दिशेने यायचे आणि लाल निशाण खाली येताच थांबायचे.

गाडी निघाली. काटेकोराने निशाण खाली आणले. गाडी येतच राहिली. खिडकीतून मला पिपाणीचा चेहरा दिसला. तोच चेहरा, तोच विश्वास, कोणीतरी थांबवील. माझा पाय वर गेला. गाडी खुर्चीच्या अगदी जवळ आली. काटेकोराच्या हातातला कर्णा खाली पडला आणि...

धप्प!

गाडी कचकन थांबली. तिचे नाक आणि खुर्चीचा पाय यांच्यामध्ये एक वीत उरली होती.

मी खाली पाहिले. माझा पाय अजून हवेतच होता.

मग मला कळले. इतकी वर्षे दुसऱ्या ब्रेकवर बसलेला तो माणूस, त्याचा पाय तरी त्याचे कुठून ऐकणार? वाचवायची वेळ येताच त्याने उंच खुर्चीच्या फळीवर पाय आपटला होता. आमच्या धंद्याचा आजार त्यालाही झाला होता. शेवटी विद्यार्थी माझा!

कर्णा खाली पडल्यामुळे काटेकोराला ओरडावे लागले. "गाडी कोणी थांबवली?"

आता इथे पिपाणी म्हणू शकली असती, मी. मैदानातल्या एकालाही संशय आला नव्हता. परंतु ती लगामशेठांची पणती आहे.

"तुम्ही!" ती त्या जगप्रसिद्ध आवाजात ओरडली. "तुम्ही पाय आपटलात म्हणून थांबली!"

"मग हा थांबा धरत नाही."

सूनबाईने कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यांसमोर पाटी उतरताना दिसली. एक खिळा, दुसरा खिळा, खाली भिंतीवर पाटीच्या आकाराचा फिकट चौकोन.

"एकदा पुन्हा करायची सवलत आहे," काटेकोर म्हणाला. "मागे जा. आणि या वेळी माझ्या पायाची वाट बघू नकोस. हे बघ."

असे म्हणून त्याने त्या उंच खुर्चीवर, झग्यासकट, पडद्यासकट, मोठ्या कष्टाने मांडी घातली. एकदा तोल जाता जाता राहिला. मग दोन्ही पावले गुडघ्यांखाली नीट दाबून बसला आणि त्याने सरळ भिंतीकडे पाहिले. भिंतीवर माझे डोके दिसत होतेच.

"आणि भिंतीपलीकडच्यांनीही!" तो म्हणाला.

असा हुकूम मला आजवर कोणी दिलेला नाही. यजमानांनीही नाही. दुसऱ्या कोणी दिला असता, तर मी त्याची काय गत केली असती हे सांगत नाही. परंतु मी गाडीकडे पाहिले. पिपाणी मागे जात होती आणि तिने मान वळवून आधी खुर्चीकडे, मग भिंतीकडे पाहिले.

मी उजवा पाय उचलला, गुडघ्यात दुमडला आणि हाताने गच्च धरला.

"अहो, पडाल!" सूनबाईने मला कमरेला धरले. "बगळ्यासारख्या काय उभ्या राहताय?"

"गप्प राहा आणि घट्ट धर. हा खाली गेला, तर पाटीही खाली जाईल."

गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा गिअर. निशाण खाली आले. पायात अशी कळ उठली, की जणू तो मला ओढून खोक्यावर आपटू पाहत होता. मी त्याला माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणत होते. खुर्चीवर काटेकोराची मांडी थरथरत होती. गाडी आली, आली. पिपाणीने खुर्चीकडे पाहिले: पाय नाहीत. भिंतीकडे पाहिले: एक आजी, एका पायावर. घरी गेल्यावर ती मला म्हणाली, "आजी, तेव्हा वाटलं, आता जगात पाय म्हणून फक्त माझाच उरलाय."

तो पाय खाली गेला.

गाडी थांबली. कचकन नाही, धप्पकन नाही. दुधावर साय धरावी इतकी अलगद. खुर्चीपासून चांगली दूर, रेषेच्या अलीकडे. आवाज झाला तो फक्त पिपाणीचा, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असावा.

"पास!" काटेकोर ओरडला. ओरडण्याच्या भरात मांडी सुटली आणि त्याचा एक बूट खाली पडला.

पिपाणी गाडीतून उतरून मैदानभर धावत सुटली. मी पाय खाली सोडला. त्याला मुंग्या आल्या होत्या. सूनबाईने डोळे पुसले आणि मी पाहताच ते जंतुनाशकाने चुरचुरतात असे सांगितले. मीही जंतुनाशक लावलेच होते.

थोड्या वेळाने काटेकोर खुर्चीवरून उतरला. एका पायात बूट, एका हातात बूट, असा भिंतीपर्यंत आला आणि नियमाप्रमाणे अंतर राखून उभा राहिला. पडद्याआडून त्याचे केस पिकलेले दिसत होते. मला मात्र तोच पांढराफटक पोरगा दिसला.

"बाई," तो म्हणाला, "पहिला थांबा मी परीक्षेत धरला नाही."

"ऐकलं मी. भिंत एवढी जाड नाही."

"तो परीक्षेतला नव्हताच. तो तुमचा होता. त्या मांजराच्या वेळचा."

मी खोक्यावरून त्याच्याकडे पाहिले. मग चप्पल घातली, पदर सारखा केला आणि मान डोलावली.

"पोचला," मी म्हणाले. "आणि वरून मांडी घातलीस, ते व्याजही पोचलं. आता तुझ्याकडे माझं काही राहिलं नाही. बूट घाल, सर्दी होईल."